वावरातले रोडगे: जगरा, वांग्याची भाजी अन् वरण, आठ माणसांच्या मापानं

रोडगे, म्हणजे आगीत-राखेत भाजलेले कणकेचे गोळे, बिघडतात ते कणकेमुळं क्वचित, जगऱ्याच्या म्हणजे गोवऱ्यांच्या आगीच्या घाईमुळं नेहमी. गोवऱ्या नीट फुलायच्या आत गोळे टाकले की वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. मग वरून कितीही तूप ओता, पोटात दगड बसतो तो बसतोच. म्हणून इथं आगीला जास्त जागा दिली आहे. माप आठ जणांचं धरलंय, त्यात दोन म्हातारी आणि दोन लेकरं. पाहुणे वाढले तर माणशी पाव किलो पीठ आणि पाच गोवऱ्या वाढवा.

हंगाम मार्गशीर्ष ते माघ. तूर सोंगून झालेली असते, तुराट्या वावरातच पडलेल्या असतात, वांगी भरात असतात आणि दुपारी आगीजवळ बसणं सुसह्य असतं. चैत्रात देवाला कबूल केलेले रोडगे करावेच लागतात, ते सकाळी लवकर उरका. वैशाखात बारा वाजता जगऱ्यापुढं बसायची हौस कुणी करू नये.

जागा आधी, आग मग

झाडाखाली बसायचं, पण आग झाडाखाली नको. सावलीपासून पंधरा-वीस पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जगरा लावायचा, म्हणजे धूर पंगतीवर येत नाही. त्याआधी आसपासच्या झाडांच्या फांद्या वर मान करून नीट बघा. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला, दुसरा इलाज नाही. गोवऱ्यांच्या धुरानं माश्या उठल्या की पळायला वावर पुरत नाही.

जगऱ्याभोवती चारही बाजूंनी दहा फूट काडीकचरा, गवत, धसकटं खरडून काढा. काळ्या मातीला भेगा असतील तर त्या ठिकाणी ओली माती दाबून बुजवा. भेगेत पडलेला निखारा वरून दिसत नाही आणि आत धुमसत राहतो. शेजारच्या वावरात उभा गहू किंवा हरभरा वाळलेला असेल तर त्या दिवशी घरच्या अंगणात रोडगे करा. जंगलाला लागून वावर असेल तर आणखी जपा: राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे.

पाणी मोजून न्या. स्वयंपाकाला आणि प्यायला पंचवीस लिटर, आग विझवायला वेगळं वीस लिटर. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर गोडं पाणी घरूनच भरून न्यावं लागतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ तास-दीड तास उकळूनही दाणा-दाणा राहते, आणि खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या कणकेत मिठाचा अंदाज चुकतो.

सरपण

जगऱ्याला गोवऱ्याच लागतात. लाकडाचा निखारा रोडग्याला तेज पडतो. गोवरीची आच मंद आणि सारखी असते, शिवाय तिची भरपूर राख होते, आणि रोडगा खरा भाजतो तो या गरम राखेतच. हाताच्या पंजाएवढ्या चाळीस गोवऱ्या घ्या. कोरडी गोवरी वजनाला हलकी असते, दोन एकमेकींवर आपटल्या की खट् वाजतात आणि मोडली तर मधोमध कडकन तुटते. मोडताना आतून वाकली तर ती ओली आहे. अशा गोवऱ्या तासभर नुसता पिवळा धूर काढतात आणि त्या धुराचा कडवटपणा रोडग्यात उतरतो.

भाजी-वरणाच्या चुलीला बाभळीच्या मनगटाएवढ्या वाळक्या फांद्या, एक मोळी. बाभूळ सावकाश आणि कडक जळते. तुराट्या, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) भसकन पेटतात आणि दहा मिनिटांत संपतात, त्यामुळं त्या फक्त आग धरवायला. शिवाय पऱ्हाटीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा खायची वस्तू तिच्या जाळात थेट धरू नका. भरताची वांगी भाजायची तर बाभळीचे निखारे घ्या.

कण्हेर, रुई, थोर आणि नाल्याकाठची बेशरम ही चार झाडं सरपणात येऊ द्यायची नाहीत, आणि कण्हेरीच्या काडीनं काही टोचायचं-ढवळायचं तर मुळीच नाही. ती विषारी आहे. आग पेटवायला पन्नी, टायरचा तुकडा, औषधाचे डबे, खताची पोती वापरायची नाहीत. रॉकेल-डिझेलही नको. वाळलेली पाचट आणि मूठभर तुराट्या पुरतात.

घरून काय न्यायचं

पीठ रोडग्याचं दळून आणा. चक्कीवर तसं सांगितलं की ते रव्यासारखं भरड दळतात. भरड पिठाचा रोडगा आतून भुसभुशीत होतो. पोळीच्या बारीक पिठाचा चिवट होतो, वरची साल आधी घट्ट बसते आणि मधला भाग कच्चा राहतो. भरड पीठ नसेल तर दीड किलो पोळीच्या पिठात अर्धा किलो जाड रवा मिसळा. काही घरी गव्हात थोडा मका घालून दळतात, त्यानं खुसखुशीतपणा येतो.

दोन किलो पिठाला २०० मिली तेल, ३० ग्रॅम मीठ (पोह्याचे सपाट चमचे सहा), दोन चमचे ओवा हातावर चोळून. सोडा लागत नाही. सोडा घातलेला रोडगा भाजताना जास्त तडकतो आणि फटीत राख जाते.

भाजीला दोन किलो वांगी, अर्धा किलो आलू, पाव किलो टमाटे, चार कांदे, दोन गड्डे लसूण, दोन बोटं अद्रक, सांबाराची एक जुडी, १०० ग्रॅम खोबरं, २५० मिली फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, तिखट, हळद, धन्याची पूड, काळा मसाला. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजारात या शब्दावरून गोंधळ होतोच.) वरणाला ६०० ग्रॅम तुरीची डाळ. तूप अर्धा किलो न्या. उरलं तर परत येतं, कमी पडलं तर पंगतीत रुसवे होतात.

भांड्यांत दोन गंज (मोठी पातेली), एक कोपर (परात), लांब दांड्याचा सराटा (उलथणं), मोठा डाव, सांडशी, लोखंडी चिमटा, सुती जाड फडकं आणि एक धुतलेलं तागाचं पोतं. पितळी गंजाला कल्हई नसेल तर त्यात टमाट्याची भाजी करू नका. गंज चुलीवर चढवायच्या आधी बाहेरून बुडाला आणि अर्ध्या उंचीपर्यंत ओल्या मातीत राख कालवून पातळ लेप द्या. जेवण झाल्यावर काजळी लेपासकट खरवडून निघते, नाहीतर घासता घासता हात सोलतात.

वेळेचं गणित

एक वाजता पान वाढायचं असेल तर डाळ घरून निघतानाच भिजत घाला. साडेदहाला चूल खणून झालेली आणि कणीक मळून झालेली पाहिजे. पावणेअकराला वरण चढतं, अकरा वाजून दहा मिनिटांनी जगरा पेटतो, आणि तो तयार होईपर्यंत रोडगे वळून होतात. वरण उतरलं की त्याच चुलीवर भाजी. जगऱ्याला कुणी तरी एक माणूस धरून ठेवा, ज्याचं दुसरं काहीच काम नाही.

चूल तीन दगडांची चालते, पण वाऱ्यात जाळ वाहून जातो. त्यापेक्षा जमिनीत चर खणा: दीड फूट लांब, आठ इंच खोल, गंजाच्या बुडापेक्षा चार बोटं अरुंद, तोंड वाऱ्याकडं. मागच्या टोकाला धूर जायला वीतभर उतार ठेवा. दगड लावायचेच तर वावरातले कोरडे घ्या. नाल्यातल्या ओल्या दगडात पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपची उडते.

कणीक आणि वळणं

पिठात मीठ, ओवा टाकून तेल कोरड्यातच चोळा. मुठीत दाबलं की मुटका बसला पाहिजे. मग पाणी थोडं थोडं घाला, दोन किलोला साधारण ८५० मिली लागतं. कणीक पुरीच्या कणकेहून घट्ट ठेवा. भरड पीठ पाणी सावकाश पितं, म्हणून मळताना कोरडी वाटली तरी लगेच पाणी वाढवू नका. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा आणि मग बघा. सैल झाली तर रोडगा राखेत बसका होतो आणि त्याला राख चिकटते. फार कोरडी राहिली तर वळतानाच चिरा पडतात.

आता वळणं. हातघाईवर आलेले लोक नुसते गोळे करतात आणि जगऱ्यात टाकतात. तसा रोडगा खाता येतो, पण त्याला पदर नसतात. पदरांसाठी एका रोडग्याला लिंबाएवढ्या तीन गोळ्या आणि एक त्यांच्या दुप्पट घ्या. लहान तिन्ही गोळ्या तळहातावर थापून पुरीएवढ्या करा. पहिलीला बोटानं तेल फासा, वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरा, तिच्यावर दुसरी ठेवा. पुन्हा तेल, पुन्हा पीठ, मग तिसरी. मोठ्या गोळीची जरा मोठी पारी थापून ही चवड तिच्यात ठेवा, कडा वर घेऊन मोदकासारख्या एकत्र आणा, चिमटून बंद करा आणि दोन्ही तळहातांत फिरवून गोल करा. बंद केलेलं तोंड ओल्या बोटानं गुळगुळीत पुसा. इथं फट राहिली तर राख आत शिरते आणि दाताखाली कचकचते. दोन किलो पिठात असे अठरा रोडगे होतात, प्रत्येक साधारण मोसंबीएवढा. याहून मोठे करू नका. मोठा दिसायला रुबाबदार असतो, पण मध्ये कच्चा राहतो.

वळलेले रोडगे उन्हात उघडे ठेवले तर साल वाळते आणि तडे जातात. फडक्याखाली सावलीत ठेवा.

जगरा

अडीच फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार बोटं खोल खळगा करा. मधोमध तुराट्यांची जुडी आडवी ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंनी गोवऱ्या एकमेकींना टेकवून उभ्या लावा, घराच्या छपरासारख्या, मध्ये बोट जाईल एवढी फट सोडून. आडव्या रचलेल्या गोवऱ्या गुदमरतात आणि नुसत्या धुपतात. वाऱ्याच्या अंगानं तुराटी पेटवा. दहा-बारा गोवऱ्या मात्र बाजूला राखून ठेवा, शेवटी पांघरुणाला लागतात.

पहिली दहा मिनिटं पांढरा दाट धूर निघतो, मग जाळ धरतो. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास जाळ बसतो. गोवरीच्या कडा पांढुरक्या होतात आणि आतून लाल दिसते. याच वेळी घाई करायचा मोह होतो. अजून थांबा. एखादी गोवरी काठीनं मोडून बघा. आतला भाग काळा असेल आणि धूर सुटत असेल तर जगरा तयार नाही. आतपर्यंत लाल आणि धूर नाही, तर तयार. हवा, गोवरी, जागा यांप्रमाणं याला पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. पेटल्यावर मध्येच राखलेल्या गोवऱ्यांपैकी सात-आठ कडेला लावा, म्हणजे त्या पांघरुणाच्या वेळेपर्यंत फुललेल्या असतील.

आता काठीनं सगळ्या गोवऱ्या मोडून निखारे निम्मे डावीकडं, निम्मे उजवीकडं ओढा. मध्ये बोटभर जाडीचा गरम राखेचा थर राहू द्या. त्यावर रोडगे एकमेकांना न चिकटता मांडा. थेट लाल निखाऱ्यावर ठेवला तर तिथं काळा डाग पडतो आणि साल जळून कडू होते. दर तीन मिनिटांनी चिमट्यानं फिरवा. पंधरा मिनिटांत सगळ्या अंगानं साल घट्ट आणि बदामी होते. ती घट्ट झाल्याशिवाय राखेत पुरायचं नाही, ओल्या सालीला राख धरते.

साल बसली की बाजूची गरम राख म्हणजे फुफाटा रोडग्यांवर ओढा, दोन बोटं जाड. त्यावर निखारे पसरा आणि कडेच्या फुललेल्या गोवऱ्या मोडून टाका. आता तीस मिनिटं हात लावू नका. दर पाच मिनिटांनी उकरून बघणाऱ्याला आगीजवळून उठवा, त्याच्यापायी उष्णता निघून जाते.

एक रोडगा काढून बघा. झाला असेल तर त्याला तडा गेलेला असतो, बोटानं टिचकी मारली की पोकळ वाजतो, आणि आकाराच्या मानानं हलका लागतो. तुराटीची सोललेली बारीक काडी तड्यातून आत घाला, कोरडी निघाली पाहिजे. कणीक चिकटून आली तर सगळे पुन्हा दहा मिनिटं झाका. वरून करपले आणि आत कच्चे असतील तर जगरा तेज होता. निखारे बाजूला काढा आणि नुसत्या राखेत पंधरा मिनिटं ठेवा, बरेचसे सावरतात. उलट, साल पांढरी आणि कडक झाली असेल तर जगरा बसलेला होता. त्यावर वरून ताज्या निखाऱ्यांशिवाय इलाज नाही.

काढलेले रोडगे पोत्यात घाला, दोघांनी दोन टोकं धरून झोळीसारखं हलवा. एकमेकांवर घासून राख झडते. उरलेली सुती फडक्यानं पुसा. मग मुठीनं दाबून फोडा, पदर उघडतील, आणि गरम असतानाच तूप सोडा. गार रोडगा तूप पीत नाही.

लेकरांना एवढा वेळ दम निघत नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन पानगे लावा: हीच कणीक जरा सैल करून बोटभर जाड थापायची, पळसाच्या दोन धुतलेल्या पानांमध्ये ठेवायची, गरम राखेवर एका अंगाला आठ आणि दुसऱ्या अंगाला सात मिनिटं. पान करपून सुटलं की पानगा झाला.

वरण आणि भाजी

भिजलेली डाळ, अडीच लिटर पाणी, हळद आणि चमचाभर तेल. तेलानं फेस उतू जात नाही. आंबट काही आत्ताच घालू नका, डाळ शिजायला वेळ लागतो. मध्यम जाळावर पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत डाळ मोडते. डावानं घोटून मीठ घाला, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. रोडगा कुस्करून खायचा असल्यानं वरण पातळच बरं.

भाजीत चुका होतात त्या एकाच जागी, मसाला परतताना. गॅससारखी चुलीची आच कमी करता येत नाही. तेल तापून मोहरी-जिरं तडतडलं, कांदा लाल झाला, लसूण-अद्रक-सांबार आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण पाच मिनिटं परतलं, की पेटती लाकडं चुलीबाहेर ओढा. मगच तिखट चार चमचे, हळद, धनेपूड, काळा मसाला आणि लगेच चिरलेले टमाटे घाला. टमाट्याच्या पाण्यानं तिखट जळत नाही. जाळ सुरू ठेवून कोरडं तिखट तेलात टाकलं तर क्षणात काळं पडतं, रंग जातो आणि आगीभोवतीचे सगळे खोकत उठतात.

टमाटे विरघळले, कडेनं तेल सुटलं, की लाकडं परत आत. मिठाच्या पाण्यात चिरून ठेवलेली वांगी निथळून घाला, आलू सालीसकट मोठ्या फोडींत. पाच-सहा मिनिटं तेलातच हलवा आणि मग उकळतं पाणी सव्वा लिटर. थंड पाणी ओतलं तर तर्री बसते आणि वांगी शिजायला वेळ खातात. पंचवीस मिनिटं, झाकण तिरपं. सराटा भांड्याच्या कडेकडेनं फिरवा, मधून ढवळाल तर वांग्याचा लगदा होईल. शेवटी सांबार.

मटण करायचं असेल तर मातीच्या हंडीत करा. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत हिवाळ्यात रोडग्यांच्या जोडीला हंडीतलंच मटण असतं. नवी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी आधी मंद आचेवर पाणी उकळून ओतून द्यायचं. तापलेल्या हंडीत थंड पाणी गेलं की तडकलीच.

भाजलं तर, आणि विझवताना

आगीजवळ नायलॉनची साडी, लोंबता पदर, ओढणी नको. सुती कपडे आणि पायात चामडी चप्पल असू द्या. लेकरांसाठी जगऱ्यापासून सहा फुटांवर राखेची रेघ ओढा. भाजलं तर वीस मिनिटं साध्या गार पाण्याची धार धरा. टूथपेस्ट, शाई, राख, तेल, बर्फ काहीही लावू नका. फोड फोडू नका. तोंड, हाताचा पंजा किंवा मोठी जागा भाजली असेल तर १०८ ला फोन करा.

गोवरीची राख फसवी असते. वरून पांढरी, थंड दिसते आणि आत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निखारा जिवंत राहतो. नुसती माती लोटून निघू नका. जगरा पसरवा, पाणी शिंपडत काठीनं चिखल होईपर्यंत कालवा, आणि शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर पुन्हा पाणी. जंगलाच्या बाजूला ठिणगी गेलीच तर वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे.

उरलेले रोडगे कोरड्या फडक्यात दोन दिवस टिकतात. दुसऱ्या दिवशी कुस्करून गूळ-तुपात कालवा. भाजी मात्र रात्रीपर्यंत संपवा, खोबऱ्याचं वाटण लवकर आंबतं.